खांदा

औंदा सहाणेवर मानकऱ्यांनी सांगितलं,
"धाकू, तू आता अब्दागीर धर."
वाईट कोणी बोललं नाही.
पोरं नजर चुकवून दांड्याला तेल-शेंदूर लावत राहिली.
मी हो म्हटलं
आणि टोपी काढून पुन्हा घातली.

उजव्या खांद्यावर माझ्या एक घट्टा आहे, लिंबाएवढा.
बेचाळीस शिमगे त्यात साठलेत.
राजापूरचा डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाला,
वाटी झिजली, आता जपा.
जपायचं म्हणजे काय करायचं,
विचारायचं राहून गेलं.

दिवसाला पंचवीस चिरे काढायचो, टिकावानं.
आता त्याच खाणीत चक्राची मशीन फिरते,
तांबडी धूळ काजूच्या मोहरावर बसते
आणि माझा मुलगा तोंडाला फडकं बांधून
तासाभरात माझा दिवस कापतो.
जांभा जमिनीत असतो तोवर मऊ,
वारा लागला की घट्ट होतो, पावसागणिक घट्ट.
माझं नेमकं उलट झालं.

गावात माझी एक गोष्ट सांगतात,
नव्या सुनांना, मुंबईहून आलेल्या पोरांना:
साकव मोडला त्या वर्षी
पालखी खाडीपलीकडच्या वाडीला न्यायची होती,
भरतीचा अंदाज चुकला,
मध्यावर पाणी छातीला लागलं,
पुढचे दोघे घसरले,
आणि धाकू गोताडानं एकट्यानं पुढची बाजू पेलून
देवीला पार नेलं.
ही गोष्ट मी ऐकत आलो,
मान हलवत आलो.
तिच्यावर चहा प्यायलो, कधी माडीही.

खरं असं,
की सगळ्यांआधी माझेच पाय सुटले.
चिखल गेला, तळ गेला,
नाकातोंडात खारं,
आणि मी दांड्याला लोंबकळलो,
कडेवरून घसरणारं पोर
लुगड्याचा काठ मुठीत धरतं, तसा.
खांद्यावर भार नव्हता.
तिळाएवढाही नव्हता.

लाकूड पाण्यावर तरंगतं, मला कळतं.
मागे सहा जण होते, तेही कळतं.
पण पाय टेकले तेव्हा
खाली पलीकडची शिंपल्यांची वाळू होती
आणि देवीच्या रुपांना
पाण्याचा थेंब लागला नव्हता.

काल रात्री पालखी माझ्या दारी आली.
ओटी भरून झाली, गुरवानं गाऱ्हाणं घातलं.
सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते,
त्या गलक्यात मी हळूच माझं घातलं:
आये, मी तुला कधी नेलं नाही.
तूच नेलंस, आणि वर नाव मला दिलंस.
जोर संपला म्हणून रडत नाही.
तो उसनाच होता, पेरणीला आणलेल्या भातासारखा,
मापानं परत करायचा.
तुला ओहोटी नाही.
साकव झाले, मोडले, सिमेंटचा पूल आला,
आज्याचा खांदा गेला, बापाचा गेला,
तू तशीच, त्याच चांदीच्या डोळ्यांनी
दर वर्षी दारात.
मला टोक धरू दे, बस.

पोरांनी पालखी उचलली.
माझ्या मुलाचा पाय पायरीच्या चिऱ्याला अडला.
मी हात पुढे केला नाही.
पूर्वी केला असता.
पालखी कलली, सावरली,
आणि ढोल सड्याकडे चढत गेला.

मग भागी खांद्याला तेल चोळत बसली.
घट्ट्याशी तिची बोटं थांबली.
मी साकवाच्या वर्षाची गोष्ट सांगायला घेतली,
पहिल्यापासून, खरी.
अर्ध्यावर ती म्हणाली,
"ठाव हाय मला.
त्या रात्री दांड्याचा शेंदूर
तुमच्या तळहातांना होता.
खांद्याला नव्हता."